पाणी जाते कुठे? मोटारीच्या इंजिनातील कूलंटची गळती : निदान आणि दुरुस्ती



मराठी साहित्य शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मोटारीच्या इंजिनाचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील बोलीवर मी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती वावगी नाही. तरीही हा विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींचा एक आग्रह असे. जे ज्ञान माणसाच्या रोजच्या उपयोगाचे आहे ते मराठीतून सांगता आलेच पाहिजे. सांगता येत नसेल, तर दोष भाषेचा नसून सांगणाऱ्याच्या समजुतीचा आहे, असे ते म्हणत. दुसरे कारण व्यक्तिगत आहे आणि काहीसे लाजिरवाणेही आहे. प्रथम तेच सांगतो.

एका रात्रीचा अनुभव

१९९८ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. माझ्याकडे तेव्हा एक जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली मोटार होती. आठवड्यातून एकदा तरी तिच्या रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावे लागे. हे मी जवळजवळ सहा महिने निमूटपणे करीत होतो. तुळशीला पाणी घालावे तसे गाडीलाही घालायचे, एवढाच त्याचा अर्थ माझ्या लेखी होता. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी कणकुंबीहून निरोप आला, की तिथे मुक्कामाला असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या छातीत दुखू लागले आहे. तिला घेऊन मी रात्री बेळगावच्या दवाखान्याकडे निघालो. जांबोटी मागे पडली आणि तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी वेग कमी केला. थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला, अगदी थंड इंजिनाच्या खुणेपर्यंत. मला हायसे वाटले, संकट टळले असे वाटले, आणि मी पुन्हा वेग घेतला. पुढच्या काही मिनिटांत इंजिनातून खडखडाट झाला आणि गाडी अंधारात बंद पडली.

एका मालवाहू टेंपोवाल्याने आम्हाला पुढे नेले. दवाखान्यात पोहोचायला दोन तास उशीर झाला. ताई त्या रात्री वाचली, पुढेही बरीच वर्षे जगली. पण ते दोन तास मी विसरू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून पिरनवाडीला आणली. ज्या मेकॅनिकने ती उघडली तो याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याने पाण्याच्या पंपाखालचे एक बारीक भोक आणि त्यातून खाली आलेला गंजाचा तांबूस ओघळ मला दाखविला आणि एकच प्रश्न विचारला : "सर, तुम्ही रोज पाणी घालत होतासा. पाणी जातंय कुठं, हे एकदा तरी बघितलासा काय?" पंपाचे काम किरकोळ खर्चाचे होते. ते वेळेवर न केल्यामुळे हेड वाकले होते, गॅस्केट जळले होते आणि खर्च माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा झाला.

आजच्या व्याख्यानाचा सारांश त्या मेकॅनिकच्या प्रश्नात आहे. पाणी घालणे ही दुरुस्ती नव्हे. पाणी कुठे जाते हे शोधणे, ही दुरुस्तीची सुरुवात होय.

इंजिनाला पाणी कशासाठी?

आपल्या भागाला इंजिन नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे छोटे दुकान काढले, आणि तिथून सुरू झालेला प्रवास १९१० साली किर्लोस्करवाडीला आणि पुढे ऑइल इंजिनांपर्यंत गेला, हे आपण जाणताच. विहिरीच्या काठावर धडधडणारे इंजिन ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांना हेही आठवत असेल, की पंपाने उपसलेल्या पाण्याची एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवून बाहेर सोडलेली असे. त्या धारेखाली हात धरला की पाणी कोमट लागे. इंजिनातली उष्णता ते पाणी वाहून नेत असे. मोटारीला मात्र विहीर सोबत घेऊन फिरता येत नाही. म्हणून तेच ते थोडे पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचे, रेडिएटरमध्ये वाऱ्याने थंड करायचे आणि परत इंजिनात सोडायचे, अशी योजना करावी लागते.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमधील ज्वाळेचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. पिस्टन आणि हेड ज्या ॲल्युमिनियमचे असते ते मात्र शुद्ध स्वरूपात ६६० अंशांना वितळते. तेव्हा ही उष्णता सतत काढून घेतली नाही, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

पाण्याचा मार्ग थोडक्यात असा. पंप पाणी ढकलतो. ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, म्हणजे वॉटर जॅकेटमधून, वर हेडमध्ये जाते. तिथे थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असताना ती मिटलेली राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होते. पुरेशी उष्णता आली की ती उघडते आणि पाणी रबरी होजमधून रेडिएटरकडे जाते. तिथे बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांच्या घड्या यांमधून वारा वाहतो, पाणी निवते आणि खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडे येते.

यातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरची किंवा टाकीची कॅप. ती नुसते झाकण आहे असे आपण समजतो. वास्तविक ती स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्टीची बहीण आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे ते त्याहून दोनतीन अंश आधीच उकळते. पण कॅपवर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलेला असतो, तेवढ्या बारचा जादा दाब ती आत धरून ठेवते. एक बार जादा दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते आणि इंजिनात पाणी उशिरा उकळते, या दोन्हींमागे एकच नियम आहे. यातून दोन गोष्टी निघतात. बंद यंत्रणेतील दाब सुटला, तर पाणी वेळेआधी उकळू लागते. आणि गरम कुकर जसा आपण जबरदस्तीने उघडत नाही, तशीच गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळते. या एका चुकीने अनेकांचे चेहरे आणि हात कायमचे भाजले आहेत.

पाण्याऐवजी कूलंट का, हेही इथेच सांगितले पाहिजे. कूलंट म्हणजे प्रायः इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. बर्फाळ प्रदेशात ते पाणी गोठू नये म्हणून वापरतात. आपल्याकडे त्याचे महत्त्व वेगळे आहे. ते उकळबिंदू वर नेते आणि मुख्य म्हणजे आतला धातू गंजू देत नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील क्षार वॉटर जॅकेटमध्ये, चहाच्या किटलीत बसतो तसा थर धरतात, आणि गंजलेल्या पाण्याचे कण पंपाचे सील झिजवितात. माझ्या मोटारीचा पंप गळण्यात तांब्याभर पाण्याचा वाटा किती होता, हे मला फार उशिरा कळले.

ठिबकणे, पाझरणे, उतू जाणे, मुरणे

आता माझ्या शास्त्राकडे थोडा वळतो, कारण इथे ते उपयोगी पडते. पाणी नाहीसे होण्याच्या निरनिराळ्या रीतींना मराठीत निरनिराळी क्रियापदे आहेत. नळ ठिबकतो, माठ पाझरतो, दूध उतू जाते आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरते. कूलंटची गळती याच चार प्रकारांची असते. आपली गाडी या चारांपैकी नेमके काय करते हे ठरविता आले, की अर्धे निदान झाले.

ठिबकणारी गळती डोळ्यांना दिसते. होज फाटला, त्यावरची क्लिप सैल झाली, रेडिएटरची नळी फुटली, तर गाडीखाली थेंब पडतात.

पाझरणारी गळती फसवी असते. पाणी बाहेर येते, पण तापलेल्या धातूवर पडताच सुकून जाते. जमीन कोरडी राहते. मागे राहतो तो केवळ डाग : पांढुरका, हिरवट किंवा गंजासारखा तांबूस. माझ्या पंपाचे असेच झाले होते. पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले एक लहान भोक असते. आतले सील झिजले, की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावे, अशी ती सोय. म्हणजे ते भोक हा दोष नसून इशारा असतो. काही जण ते भोकच बुजवितात. दारावर थाप मारणाऱ्याचे तोंड दाबावे, तसा हा प्रकार आहे.

उतू जाणाऱ्या गळतीत पाणी कॅपमधून किंवा टाकीच्या नळीतून बाहेर पडते. इथे भोक कुठेच नसते. कॅपची स्प्रिंग थकलेली असते, किंवा पंखा चालत नसतो, किंवा थर्मोस्टॅट मिटल्या अवस्थेत अडकलेला असतो, किंवा सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरून दाब वाढवीत असतो. म्हणून पाणी जिथून बाहेर पडते तिथेच रोग आहे, असे समजू नये.

मुरणारी गळती सर्वांत घातक. "कुठे तरी पाणी मुरतंय" असे आपण संशयाने म्हणतो, ते इथे अक्षरशः खरे ठरते. बाहेर थेंब नाही, डाग नाही, तरी टाकीतील पातळी उतरत जाते. पाणी इंजिनाच्या आतच, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये, जात असते.

घरच्या घरी निदान

पहिली तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावर करावी. इंजिनाशेजारी जी अर्धपारदर्शक टाकी असते तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. पातळी पाहून तारखेसह वहीत नोंदवावी. धडधाकट बंद यंत्रणेत वर्षभरात नाममात्र फरक पडतो. महिन्या-दोन महिन्यांनी भर घालावी लागत असेल, तर गळती आहे हे निश्चित समजावे. "जुन्या गाडीला एवढे लागतेच" हे वाक्य मी सहा महिने स्वतःला ऐकवीत होतो.

दुसरी तपासणी रद्दीची. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरावीत आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. गाडीच्या नाकाखाली डाग असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज. इंजिनाच्या ज्या बाजूला पट्टे फिरतात त्या बाजूला असेल तर बहुधा पंप. काळा, चिकट डाग ऑइलचा. स्वच्छ, रंगहीन, वासहीन पाणी पुढच्या सीटच्या खाली पडले असेल आणि आदल्या दिवशी एसी चालविला असेल, तर ते हवेतले ओलाव्याचे पाणी आहे. त्याने घाबरून जाऊ नये. कूलंटचा थेंब रंगीत, बोटांना किंचित बुळबुळीत आणि गोडसर वासाचा असतो. तो चाखून मात्र पाहू नये. याचे कारण पुढे सांगतो.

तिसरी तपासणी दृष्टीची आणि स्पर्शाची, तीही थंड इंजिनावर. हातात विजेरी घेऊन क्रमाने जावे : वरचा होज, खालचा होज, हीटरकडे जाणारे बारीक होज, प्रत्येक क्लिप, थर्मोस्टॅटचे घर, पंप, रेडिएटर. होज दाबून पाहावा. तो दगडासारखा कडक, किंवा उलट लिबलिबीत झाला असेल, टोकाशी फुगला असेल किंवा वाकविल्यावर भेगा दिसत असतील, तर त्याचे आयुष्य संपले आहे. आजकालच्या रेडिएटरचा मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या दोहोंच्या सांध्यावर ओल किंवा पांढरी पूड दिसते का ते पाहावे. कॅप काढून तिचे रबर पाहावे. ज्या मोटारीत हीटर आहे तिच्या पायांखालचा गालिचा ओला लागत असेल, आत गोड वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा लहान रेडिएटर गळतो आहे.

एक जागा इथल्या श्रोत्यांनी विशेष समजून घ्यावी, कारण तिचा उगम आपल्या शेजारीच आहे. उद्यमबागेतील फौंड्रीत इंजिनाचा ठोकळा ओतताना पाण्याच्या पोकळीसाठी साच्यात वाळूचा गाभा बसवितात. धातू थिजल्यावर तो गाभा मोडून वाळू बाहेर काढावी लागते. गाभा धरण्यासाठी आणि वाळू काढण्यासाठी जी भोके राहतात ती पुढे पत्र्याच्या वाटीसारख्या गोल बुचांनी बंद करतात. यांनाच कोअर प्लग म्हणतात. साधे पाणी वापरलेल्या जुन्या इंजिनात ही पातळ बुचे आतून गंजून त्यांना टाचणीएवढे भोक पडते. ती बहुधा अडचणीच्या जागी असतात, म्हणून नजरेतून सुटतात. या शाळेतून शिकून जे फौंड्रीत गेले, त्यांना हे सांगणे म्हणजे कुंभाराला माठ दाखविण्यासारखे आहे. पण गाडी चालविणाऱ्या आम्हा इतरांना ते माहीत नसते.

गॅरेजमधील तपासण्या

डोळ्यांनी सापडले नाही, तर मेकॅनिककडे दाबाची तपासणी मागून घ्यावी. सायकलच्या पंपासारखा एक हातपंप, त्याला दाबमापक, आणि तो कॅपच्या जागी बसतो. थंड इंजिनात कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहापंधरा मिनिटे काट्याकडे पाहायचे. काटा स्थिर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. काटा उतरला तर पाणी कुठून तरी बाहेर येणारच. गरम इंजिनावर सुकून जाणारा थेंब आता थंड धातूवर स्पष्ट दिसतो. छापलेल्या आकड्याहून अधिक दाब भरू नये, नाहीतर तपासणीच नवी गळती निर्माण करील. कॅपचीही याच साधनाने परीक्षा होते.

काटा उतरतो, पण बाहेर थेंब दिसत नाही, असे झाले म्हणजे पाणी मुरते आहे. त्याची लक्षणे पुष्कळ आहेत. त्यांतील एकावर विसंबू नये, दोनतीन जुळली पाहिजेत. इंजिन पूर्ण तापल्यावरही मागच्या नळीतून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणे. थंडीच्या सकाळी सुरुवातीला दिसणारी वाफ स्वाभाविक आहे, तिचा यात समावेश नाही. सकाळी इंजिन सुरू होताना एखादा सिलिंडर काही क्षण अडखळणे. थंड इंजिन सुरू केल्यावर दोनतीन मिनिटांतच होज टणक होणे. ऑइलच्या कांडीवर दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसणे. मात्र ऑइल भरण्याच्या झाकणाखाली किंचित साय धरणे हे केवळ जवळच्या जवळ गाडी फिरविल्यानेही होते. शेवटची खात्री रासायनिक परीक्षेने होते : टाकीवर निळ्या द्रवाची नळी धरतात, ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो.

दुरुस्ती

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की सर्वांत स्वस्त आणि संभाव्य कारणापासून सुरुवात करावी. कॅप थकली असेल तर त्याच आकड्याची नवी घालावी. जास्त आकड्याची घालून यंत्रणा बळकट होत नाही, होज फुटतात. क्लिप सैल असेल तर ती बदलावी, पण होज चिरेपर्यंत आवळू नये. होज बदलताना जुना होज पेचकसाने उचकटू नये, कारण त्याखालची प्लॅस्टिकची मान मोडते. होज लांबीत चिरून सोलून काढावा, मान घासून स्वच्छ करावी आणि मगच नवा चढवावा. एक होज वयाने गेला असेल तर त्याचा जोडीदारही त्याच वाटेवर असतो.

जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाट मोटारींचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत; ते उतरवून डाग देणारे कुशल कारागीर गावोगाव होते. आजच्या ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या रेडिएटरला तसा डाग देता येत नाही. सांधा गेला की बहुधा रेडिएटरच बदलावा लागतो. पंपाला सील तेवढे बदलण्यापेक्षा सबंध पंप आणि त्याचे गॅस्केट बदलणे शहाणपणाचे. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो तिथे पंपाबरोबर तो पट्टाही बदलून घ्यावा, कारण मजुरी एकदाच पडते.

हेड गॅस्केटचे काम मात्र घाईचे नव्हे. हेड उतरविल्यावर त्याचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासलाच पाहिजे. इथे एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वाकडेपणा महत्त्वाचा असतो, आणि किती चालेल तो आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो. वाकले असेल तर फेसिंग करून घ्यावे आणि चीर नाही याची खात्री करावी. बोल्ट टॉर्क रेंचने, सांगितलेल्या क्रमाने, साधारणतः मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. नुसते गॅस्केट बदलून वाकलेले हेड पुन्हा बसविणे म्हणजे तीच दुरुस्ती काही महिन्यांनी पुन्हा करणे होय.

आता दोन लोकप्रिय उपायांविषयी. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याची युक्ती जुन्या ड्रायव्हर मंडळींना ठाऊक आहे. जखमेवर हळद दाबावी, त्यातलाच हा प्रकार. ती खोटी नाही. बारीक भोकात हळदीचा लगदा अडकतो आणि गळती तात्पुरती थांबते. बाजारात मिळणारी गळती थांबविणारी पूडही थोडीफार याच तत्त्वावर चालते. परंतु जी पूड भोकात अडकते ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही अडकते. आडरानातून गाव गाठण्यापुरताच तिचा उपयोग करावा आणि नंतर यंत्रणा धुऊन घ्यावी. दुसरा उपाय, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही." हा सल्ला मलाही मिळाला होता. थर्मोस्टॅट काढल्याने गळती थांबत नाही. इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त जाते, झीज वाढते. काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून आखूड वाटेनेच फिरत राहते आणि उलट तापण्याचा धोका उद्भवतो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा.

दुरुस्तीनंतर उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे. केवळ रंगावरून जात ठरवू नये. रंगाला एकच सर्वमान्य नियम नाही, आणि न जुळणारे प्रकार एकत्र आल्यास गाळ होऊ शकतो. घट्ट कूलंट असेल तर बहुधा निम्मे शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी मिसळतात. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. आत अडकलेली हवा काढणे तितकेच आवश्यक आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पुस्तकात सांगितलेल्या रीतीने हवा सोडून, पंखा एकदोनदा फिरेपर्यंत इंजिन चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी. पुढील आठवडाभर रोज सकाळी वहीतील नोंद चालू ठेवावी. गळती थांबली याचा खरा पुरावा तीच नोंद.

काढलेले कूलंट अंगणात, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री, मांजरे ते चाटतात, लहान मुले शीतपेय समजून पितात. थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. कुणी प्यायल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कूलंट कधीही ठेवू नये.

वाटेत गाडी तापली तर

पिरनवाडीतूनच जांबोटीमार्गे चोर्ल्याला जाणारा रस्ता फुटतो. गोव्याकडून येताना त्या घाटाची चढण लागते, आणि निपाणीच्या बाजूला तवंदीचा घाट आहे. सपाटीवर लपून राहिलेली गळती चढावर उघडी पडते, कारण इंजिन जास्त उष्णता सोडते आणि गाडीचा वेग कमी असल्याने वाराही कमी मिळतो. अशा वेळी एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा, पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ते लगेच उघडू नये. इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा. अर्धा तास नव्हे, होज हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मग कॅपवर जाड फडके धरून ती हळूहळू सोडावी. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये, धातू तडकतो.

आणि ज्यासाठी त्या रात्रीची हकीकत सांगितली, ती गोष्ट. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला, तर गाडी निवली असे समजू नये. तापमान मोजणारे उपकरण पाण्यात बुडालेले असते. पाणी संपले की ते कोरडे पडते आणि कमी तापमान दाखवू लागते. ज्या क्षणी मला हायसे वाटले, त्याच क्षणी इंजिनात पाणी उरले नव्हते. थांबायचे तेव्हा मी वेग घेतला.

समारोप

मोटारी बदलत आहेत. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी असेच द्रव फिरवितात. तिथे गळती झाली तर केशरी तारांच्या जवळही न जाता जाणकाराकडे जावे. म्हणजे यंत्र बदलले तरी आजचा प्रश्न संपत नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. मला शब्दांचे अर्थ लावण्याची पदवी होती; पण ठिबकणे आणि मुरणे यांतला फरक माझ्या अंगणात उभ्या असलेल्या यंत्रात मला वाचता आला नाही. तो वाचून दाखविला या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मेकॅनिकने, आपल्या बोलीतल्या एका प्रश्नाने. गुरुजींचे म्हणणे त्या दिवशी मला नीट कळले. उणीव रोज भरून काढता येते म्हणून ती नाहीशी होत नाही. तिचे कारण शोधावेच लागते, आणि ते थंड डोक्याने, दिवसाउजेडी शोधणे स्वस्त पडते.

आज घरी गेल्यावर, किंवा उद्या सकाळी गाडी थंड असताना, आपल्यापैकी प्रत्येकाने बॉनेट उघडून त्या टाकीची खूण एकदा पाहावी, ही विनंती. गुरुजींच्या स्मृतीला अभिवादन करतो आणि इथेच थांबतो.